शुद्धिपत्र

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला
वास्कोत, पालिकेसमोर, आम्ही उभे राहतो.
पाच जण. इनासिनचे गुडघे धरले तर साडेचार.
हातांत एक जुनी चादर, तिच्यावर
परक्यांचं युध्द, आपली पोरं. नको.

चादर याकूबने रंगवली.
तो ट्रॉलरांवर नंबर घालतो,
मराठी वाचत नाही, अक्षरं चित्रासारखी उतरवतो.
द-च्या पोटाशी ध हवा होता;
त्याने ध-ला द लटकवला.

मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक,
पणजीच्या एका दैनिकात, रात्रपाळीला.
जगातली शहरं मला अशीच भेटली,
बेचिराख झाल्यावर, पहिल्या पानासाठी.
मोसुल की मोसूल?
अलेप्पोत प एक की दोन?
तिथली माणसं स्वतःच्या गावाला कशी हाक मारतात
हे विचारायला फोन कुणाला करायचा, कधी कळलं नाही.
मेलेले किती, ते वार्ताहर बघायचा.
मी वेलांटी बघायचो.

"युद्ध चुकलंय," पहिल्याच गुरुवारी मी कुजबुजलो.
इनासिनने तिचं टोक सोडलं नाही.
"चूक न्हय तें? रावूं दी मागीर."

तिचा मिंगेल टँकरवर फिटर आहे.
तांबड्या समुद्रात तीन रात्री
तो लाइफ जॅकेट घालून झोपला.
हे त्याने आईला नाही सांगितलं,
याकूबच्या पोराला सांगितलं.

सुलक्षा पागीचा नवरा यार्डात वेल्डर,
गस्तीच्या बोटींचे तळ सांधतो.
"आमचं पोट त्याच्यावरच आहे,"
कुणी म्हणायच्या आत तीच म्हणून टाकते.
घरी या विषयावर दोघं बोलत नाहीत.
ती हुमण वाढते, तो काटे काढत बसतो.

दाबोळीवरून विमान उठलं की
आम्ही गप्प होतो, ते समुद्रावर जाईपर्यंत.
मग वाक्य जिथं तुटलं तिथून धरायचं.

खाजेवाला विचारतो,
तुम्ही उभे राहून तिकडचा एक बॉम्ब तरी थांबला?
नाही.
मग माझ्या गाड्यापुढची जागा तेवढी सोडा.

त्याला मी सांगितलं नाही,
पण एकदा माझ्या हातून झालं होतं.
अर्थसंकल्पाची रात्र, डोळे चुरचुरत होते,
संरक्षणखर्चाच्या आकड्यातलं
एक शून्य गळलं.
सकाळी संपादकांनी बोलावून घेतलं,
दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, चौकटीत, दिलगिरी.
पण मधला एक दिवस
आमच्या सहा हजार वाचकांपुरता
देश नव्वद टक्के निःशस्त्र होता.
दूध आलं. बसेस सुटल्या.
कुणी तक्रारीचं पत्रसुद्धा पाठवलं नाही,
फक्त एका निवृत्त तलाठ्याने.

गेल्या गुरुवारी बंदरात कुठल्याशा देशाची युद्धनौका होती.
पांढऱ्या गणवेशातला एक पोरगा,
नाक उन्हाने सोललेलं, हातात काजूची दोन पाकिटं,
आमच्यासमोर थांबला.
काय लिहिलंय, विचारलं.
इनासिन कुवेतात वीस वर्षं राबलेली.
तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.
"वॉर," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "रॉंग."
त्याने मान हलवली, फोटो काढला,
थँक यू मॅम म्हणाला.
त्याच्या पाकिटाचं तोंड उघडं होतं,
तिने ते दुमडून दिलं.

म्हणजे आता ध-ला लटकलेला तो द
बोटीच्या पोटात कुठंतरी आहे,
तोफांच्या खाली, एका झोपलेल्या पोराच्या उशाशी,
आणि कुठल्या समुद्रात, ते मिंगेललाही ठाऊक नसणार.

साडेसहाला चादरीची घडी.
दोन टोकं माझ्याकडे, दोन याकूबकडे,
आणि आम्ही एकमेकांकडे चालत येतो.
"नवी रंगवू?" त्याने विचारलं. "दुरुस्त करून?"
माझ्या खिशात लाल पेन्सिल अजून असते.
सुलक्षा मासळी बाजार उठायच्या आत निघून गेली होती.
मी म्हटलं, टोक वर धर, याकूब,
धूळ लागतेय.