पावतीच्या पाठीवर

त्रेचाळीस साली भुसावळच्या लोकोशेडात
कागद मिळेना, म्हणून भिरूड मास्तरांनी
कोळशाच्या वॅगनच्या पावत्या उलट्या केल्या.
पुढं : किती टन, कुठून, कुणाची सही.
मागं : टोपलीखाली वाकलेला सुपडू,
टेंडरच्या सावलीत
भाकरीवर ठेचा पसरणारा रुपला.

दिव्यांना काळे कागद, विमानांची धास्ती.
फायरबॉक्सचं दार उघडे, तेवढ्या उजेडात
मास्तर पाठ काढत.
दार मिटलं की थांबत.
कित्येक पाठी म्हणून खांद्यापर्यंतच आहेत.

पेन्सिल नव्हतीच. रुळाजवळचा खडा उचलायचा.
साहेब एकदा ओरडला, सरकारी माल आहे!
मास्तरांनी वहीत लिहून ठेवलं :
कोळसा, अर्धा तोळा, खर्ची.

सुपडूला चित्र दाखवलं तेव्हा तो म्हणाला,
"माहा हात येवढा मोठा नाही, मास्तर."
मग कागदावर हात ठेवून पाहिला
आणि बराच वेळ उचलला नाही.

तो पंजा अजून आहे, चित्रातल्या हाताहून
बोटभर मोठा.
पलीकडची शाईही आता झिरपलीय.
सुपडूच्या पाठीवर
टनांचे आकडे उमटलेत, उलटे.
आरशात धरले की वाचता येतात.