साडेसहा

कोकराचं कातडं ओलं करून
मेजाच्या कडेवर ओढतो मी, आधी रुंदीत, मग लांबीत.
बापानं शिकवलेलं: देईल तितकंच घे,
कुठं थांबायचं ते अंगठ्याला कळतं.
मियो गावात असे अंगठे आता चारच उरलेत.

मायलिस सहा वर्षांची, तार्नकाठच्या खडीवर पडली.
गुडघा उलला पिकल्या अंजिरासारखा.
डॉक्टरनं सहा टाके घातले,
रात्रीतून चार सुटले.
सुटले म्हणजे, दोरा शाबूत होता,
कातडीनंच त्याला वाट करून दिली.
मी हातमोज्यांचा कारागीर. तुटलेला दोरा मला समजतो,
हे समजेना.

माँपेलिएच्या बाईंनी कागदावर तिपेडी वेणी काढली.
म्हणाल्या, कोलॅजन. तुमच्या कोकराचंही हेच.
तीन पेड, आणि पेडात दर तिसरा मणी
सगळ्यांत लहान, नाहीतर पीळ बसत नाही.
हिच्या एका जनुकात एक अक्षर बदललंय,
लहान मण्याच्या जागी मोठा आलाय.
"एकच?"
"एकच."
हजाराहून जास्त मण्यांत.

मग त्यांनी माझा हात मागितला.
अंगठा दुमडून मनगटाला टेकला.
टेकतोच तो, लग्नाकार्यात टेकवून दाखवतो मी,
पोरं किंचाळतात.
आजोबाही टेकवायचे. कोपराची कातडी
वीतभर ओढून दारूच्या पैजा जिंकायचे.
कारखान्यात म्हणत, या घराण्याचे हात
जन्मतःच कसबी.
बाई काही बोलल्या नाहीत. लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत मायलिस माझ्या बोटांशी खेळत होती,
एकेक मागे वाकवत.
"बाबा, माझं जास्त वाकतं."

आता ती एकोणीसची. गुडघ्यावरचा व्रण
सिगारेटच्या कागदासारखा, चुरगळलेला, चमकणारा.
खांदा निखळला की स्वतःच बसवते, मग कॉफी मागते.
कधी मेजापाशी येऊन एखाद्या कातड्यावर बोट ठेवते,
म्हणते, हे परत येणार नाही.
आणि नेमकं तेच, ताणलं की तसंच राहतं, ढिलं.
कसं कळलं, ते मी विचारत नाही.

तिला हातमोजे हवेत, आतून रेशीम, बोटांवर शिवण नको.
शिवणीवाचून मोजा होत नाही, हे तिलाही ठाऊक.
फीत घेऊन तळहात मोजतो.
काल सात आला होता.
आज साडेसहा.
हात सैल सोड, म्हणतो मी.
"सैलच आहे, बाबा."