आकडा

भाट्याच्या पुलापलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये
खांब उभा केलाय. पाय तळाला जखडलेले,
डोक्यावर वीस टनांचं ओझं,
आणि खांद्याशी जॅक, सोयरिकीला आल्यासारखा चिकटून.

जॅक समुद्राकडे ढकलतो. मग घाटाकडे ओढतो.
समुद्राकडे झुकताना पडलेली भेग मी निळ्या मार्करने काढते,
घाटाकडची लाल.
इथे भूकंप सावकाश येतो:
एका हेलकाव्याला चार मिनिटं, मध्ये चहा.

रिंगा अजीजभाई परकारांनीच वाकवलेल्या, दोन्ही खांबांच्या.
पहिल्याच्या काटकोनात, नेहमीसारख्या.
दुसऱ्यात आकड्याची शेपटी पार आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेली.
तेव्हा कुरकुरले होते,
"एवढ्याशा वाकापायी दिवसाला चाळीस रिंगा कमी भरतात, मॅडम."

दीड टक्का. कोपरा फुगतो.
दोन. सुकलेलं खोबरं करवंटी सोडतं
तसं आवरण सुटून खाली येतं
आणि आतली रिंग दिसते.
तिचा आकडा उघडतोय,
झोपेत मूठ सैलावी तसा.
मग उभी सळई बाहेर वाकते. आवाज होतो तो
अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच.

स्क्रीनवरचा आकडा घसरतो. मी वहीत उतरवते.
अजीजभाई चष्मा पुसून दुसरा आकडा बघत राहतात.
हात लावू का, विचारतात.
जॅक बंद करून मी हो म्हणते.

दुसरा खांब चार टक्क्यांपर्यंत गेला.
अंगभर निळं-लाल जाळं, तळाशी ढलपे,
तरी ओझ्यासकट उभा.
सरांनी टाळी वाजवली, पोरांनी फोटो काढले.
अजीजभाई बोटांची पेरं मोजत होते.

"काय मोजताय?"
"घरचे खांब. अकरा.
बहिणीकडचे नऊ.
शाळेला किती बांधले, आठवत नाही."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: आकडा उघडला.
त्याखाली तीन ओळी रिकाम्या होत्या.

"बाहेरून लोखंडी पट्टा घालतात ना?"
"घालतात. पण कुठे, किती जाड, ते तपासावं लागेल."
"मग तसा एक ओतूया. काटकोनातलाच. सिमेंट माझं."
"अठ्ठावीस दिवस पाणी मारावं लागेल, अजीजभाई."
"मारू की."
मग टाचेने जमिनीवर दोनदा ठोकून म्हणाले,
"तेवढे दिवस हिला गप्प राहायला सांगा,"
आणि वाकवायची चावी शोधायला
ढलप्यांवरून, चपला हातात घेऊन, पलीकडे गेले.