निव्वळ वजन

बुधवार मुद्दाम निवडला.
सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा,
गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळ्यांचे धनी ठरलेले.
बुधवार आमच्या घरात कुणाच्याच नावावर नाही.
उपासही तसाच,
डॉक्टर शिरसाठांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला:
आठवड्यातून एक दिवस, फक्त पाणी.
वर रक्ताचे आकडे, खाली त्यांची सही.

"साबुदाणा चालेल?" मी विचारलं होतं.
ते नुसते हसले. त्या हसण्यात
माझ्या सगळ्या एकादश्या आल्या
आणि त्यांच्या दुप्पट खाशीसुद्धा.

सकाळी सात. दिंडोरी रोड, मार्केट यार्डाच्या अलीकडे
धर्मकाट्याचं शटर वर करते.
नाव धर्मकाटा, मालक मुनोत शेठ,
अकरा वर्षं बटण माझ्या बोटाखाली.
भरलेली गाडी आधी, रिकामी नंतर,
पहिल्यातून दुसरी वजा,
उरतो तो माल.
एवढंच गणित येतं मला, पण चोख येतं.

दहाला समोरच्या टपरीवर तर्री उकळली.
वास रस्ता ओलांडून आला
हॉर्न न वाजवता.

कचरू हमाल खिडकीत डोकावला.
"ताई, डबा नाही आज?"
"उपास."
"कुणाचा?"
काय सांगणार. "माझाच," म्हटलं.
खांद्यावरचं पोतं झटकत त्यानं जरा विचार केला.
"मग फळ कधी मिळायचं?"
"महिन्यानं. दीड किलो."
"कमी व्हायचं ते फळ?" म्हणाला,
आणि फ्लॉवरच्या गाडीकडे गेला, हसत नव्हता.

भूक मला वाटली तशी नाही.
वाटलं होतं, दिवसभर दार ठोठावेल.
ती येते, रांगेत उभी राहते,
कुणी पावती फाडली नाही की निघून जाते.
थोड्या वेळानं पुन्हा तीच गाडी, तोच नंबर.

तीन वाजता हात चुकला.
टोमॅटोची पिकअप, चौदाशे साठ.
मी लिहिलं सोळाशे चाळीस.
भाऊलाल ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन परत आला.
"ताई, एकशेऐंशी किलो टोमॅटो
कुठल्या मळ्यातून काढले?"
स्वतःच्या फायद्याची चूक, तरी परत आला.
कान गरम झाले. पाणी प्यायले.
पाण्याला चव असते हे त्या वेळी कळलं,
किंचित लोखंडी, आमच्या टाकीची.

पाचला मोहाडीची द्राक्षं.
पोरगा घड धरून उभा: "एक मणी तरी."
नको म्हटलं. तो खिडकीत घड ठेवूनच गेला.
मी तो कचरूच्या लेकीला दिला
आणि ती खात असताना
मुद्दाम पावत्यांचं पुस्तक चाळत बसले.

सहाला यांचा फोन.
"जेवायला काय करू?"
करू, म्हणाले. बावीस वर्षांत
हा शब्द त्यांच्या तोंडून आज.
"काहीही करा," म्हटलं,
आणि फोन ठेवल्यावर डोळे का भरले
ते भुकेवर ढकललं.

रात्री शेवटची गाडी उतरली.
रस्त्यावर कुणी नाहीसं बघून
चपला काढून काट्यावर चढले,
चाळीस टनांच्या लोखंडावर एकटी.
काचेतून लाल आकडा: ऐंशी.
सकाळीही ऐंशीच होता.
हा काटा दहाच्या पटीत बोलतो.
डॉक्टरांकडे मी त्र्याऐंशी सातशे,
इथे वरचे पावणेचार किलो
मी कुठे ठेवून आले कुणास ठाऊक.
आजचा अख्खा दिवस
त्याला दिसलाच नाही.

केबिन झाडताना टेबलाखाली
एक द्राक्ष सापडलं, घडातून निसटलेलं.
बाहेर नेऊन काट्याच्या मधोमध ठेवलं.
आकडा शून्य.
उचललं. पदराला पुसलं.
उपास उद्या सातपर्यंत,
घड्याळात पावणेदहा.
काटा अजून शून्यच दाखवत होता.