रकाना सतरा

"इथला माणूस का मिळाला नाही?"
मॉराग लिहिते : जाहिरात दिली, दोनदा.
एक पोरगा आला,
पहाटे चारच्या गारठ्यात अर्ध्या गायींची धार काढली
आणि गमबूट दारातच टाकून पसार.
खोडते. लिहिते : योग्य उमेदवार नाही.

साउथलंडचा वारा पत्र्यावर.
पगार, तास, राहायची सोय.
इलोइलोच्या रोदेलिओनं फोनवर
आधी गायींची नावं विचारली होती.
नंबर असतात, ती म्हणाली,
आणि उगाच ओशाळली.

"किती काळ हवा?"
पेन थांबतं.
तिचा थोरला कॅल्गरीत,
कुणा परक्याच्या सहीवर
तिसरं वर्ष.

शेडमधून एकशेबारा हंबरते.
उठता उठता मॉराग
दारातला गमबूट उलटा करते,
तळव्यावरचा आकडा पुसून बघते : नऊ.
त्याला विचारायचं राहिलंच.