मधला पत्रा

बाटलीचं झाकण उघडलं तर आत
पाणी नव्हतं, घट्ट बदामी काहीतरी होतं,
रात्रभर पातेल्यात राहिलेल्या हुग्गीसारखं.
मकदूमभाईंनी बोट बुडवलं, चिमटीत चोळलं.
"ताई, तेल पाण्यात उतरलं.
कूलर गेला."

नव्व्याण्णवची सुमो.
उदगीर ते देवणी, देवणी ते औराद,
मागच्या सीटा काढून बांगड्यांच्या पेट्या.
त्या रस्त्यांनी काच कधी फुटली नाही तिच्यात,
फुटलं ते आतलंच.

पार्ट हैदराबादहून आला,
बसच्या डिकीत, तेलुगू पेपरात गुंडाळून.
चिठ्ठीवर आडनाव कासारचं कसर केलेलं.
असू दे म्हटलं, तीही आहेच.

बिदर रोड, दुपारचे बारा,
सावलीलासुद्धा चटका.
काढलेला कूलर त्यांनी टबात बुडवला,
एक तोंड बंद, दुसऱ्याला हवेची नळी.
बराच वेळ काही नाही.
मग एकाच जागेवरून एक बुडबुडा.
थांबून दुसरा,
कुणी झोपेत बोलावं तसा.

"या पत्र्याच्या इकडून तेल, तिकडून पाणी.
तेलानं ताप द्यायचा, पाण्यानं घ्यायचा,
एकमेकाला शिवायचं नाही.
एवढी वर्षं नाही शिवले.
मग पत्रा थकतो."
सडतो म्हणाले नाहीत, थकतो म्हणाले.

जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडण्यात तास गेला.
डिझेलचा बोळा धरून मी उकिडवी.
"ओरखडा नको, ओरखडा नको,"
ते ब्लेडलाच बजावत होते.

नवा बसला. राहिले बोल्ट.
खाली अॅल्युमिनियम: जास्त आवळलं की तडकतं,
कमी आवळलं की रडतं.
हे मला कुणी शिकवायचं?
अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी चढवताना
अंगठ्याखालचं हाड कुठवर ऐकतं
ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.
तसं म्हणाले, तर मकदूमभाई हसले.
"तिथं पोरगी ओरडते, ताई. हे ओरडत नाही.
ह्याला आकडा लागतो."

आकड्याचा पाना शेजारी होता.
शेजारी म्हणजे वैजनाथ.
आधी बोर्ड एकच होता, त्यावर दोघांची नावं.
मग गॅरेजच्या मधोमध पत्रा उभा राहिला.
कशावरून, ते गावात तीन तऱ्हांनी सांगतात.
नऊ वर्षं बोलणं नाही.

मकदूमभाई पत्र्याकडं पाठ करून
मला मोठ्यानं म्हणाले, मी हातभर अंतरावर असताना,
"टॉर्कचा पाना असता तर बरं झालं असतं, ताई."
मी काय बोलणार.
पलीकडची हातोडी थांबली.
जरा वेळानं पत्र्यावरून
फडक्यात बांधलेलं लांबोळकं काही खाली आलं.
हात दिसला मनगटापर्यंत
(माप पावणेतीन, सवयीनं बघितलं)
आणि गेला.

कट्.
मधला बोल्ट. मग त्याच्या समोरचा.
कट्.
पलीकडून, कुणालाच नाही असं:
"दोन फेऱ्यांत आवळ म्हणावं."
अलीकडून, बॉनेटखाली डोकं घालून:
"म्हाईत हाय म्हणावं."
मध्ये मी निरोपी,
आणि एकही निरोप पोचवावा लागला नाही.

पाच वेळा पाणी भरलं, तापवलं, सोडलं.
पहिलं दुधाच्या चहासारखं, पाचवं नुसतं गढूळ.
"परवा परत सोडा. एकदा मिसळलं की
एका दिवसात निघत नसतं."

पाना परत गेला तो पुसून,
आला होता त्याहून स्वच्छ.
वर सरकवताना माझा तळवा पत्र्याला लागला
आणि चटकन मागं आला.
ऊन नव्हतं त्या बाजूला, तरी तापलेला.

देवणीच्या वाटेवर तीनदा थांबले.
काटा अर्ध्याच्या खाली.
तिसऱ्यांदा पदरानं धरून झाकण फिरवलं, वाकले.
पाणी होतं.
अजून जरासं मळकट,
पण पाणी.