उत्तरं शेवटच्या पानांवर

पीटरहेडच्या धक्क्यावर तीस वर्षं हॅडक चिरून
इशबेलची बोटं पुस्तकाचं पानसुद्धा
खवल्यांच्या उलट दिशेने चाचपतात.

दोन पौंडांना आणलेलं जुनं, घरच्या घरी लॅटिन.
धडा दुसरा: खलाशी मुलीला गुलाब देतो.
ती मोठ्याने हसली. किटली तेवढी साक्षीला.
तिच्या खलाशाने दिलं ते असं:
ओला स्वेटर, डिझेलचा वास,
एकदा वर्तमानपत्रात गुंडाळलेला खेकडा,
जिवंत.

उच्चार बरोबर की चूक, कोण सांगणार?
बोलणारे गेले त्याला किती शतकं झाली,
आणि उत्तरं शेवटच्या पानांवर.
ती अंगठ्याने झाकते, फटीतून बघतेही.
समासात कुणाची तरी पेन्सिल:
परत चुकलो. परत.
गाढवा, चतुर्थी!
एकोणिसाव्या धड्यापुढे समास कोरे.
तिथे ती दोन दिवस अडली
मग माशांच्या सुरीनेच
स्वतःच्या पेन्सिलीला टोक काढलं.

ग्रीक यंदाच्या हिवाळ्यात.
अक्षरं गळासारखी, घशात अडकणारी.
तळटीप म्हणते, द्विवचन क्वचितच येतं,
नवशिक्यांनी सोडून दिलं तरी चालेल.
एक नाही, अनेक नाही,
नेमक्या दोघांसाठी राखलेलं रूप:
दोन डोळे, दोन हात, एका जोखडाखालचे बैल.

बाहेर बोटी येताहेत. ती मोजत नाही आता.
दोन्ही हात टेबलावर ठेवते,
डाव्यावर पांढरा, जुना व्रण.
‘खेइरे,’ म्हणते,
आणि चुकलं असेल म्हणून
पुन्हा म्हणते.